शेंगा फोडणं थांबलं की छापायचं

कुंदन बोरसे हा माणूस तुम्ही धुळ्यात पाहिला असेल. सायकल हातात धरून चालतो, सायकलवर बसत नाही. बसला तर कॅरिअरवरचे त्याच्या त्रैमासिकाचे अंक पडतात. शर्टाच्या खिशात लाल पेन, आणि तोंडात एकच वाक्य: "आयर्लंडमध्ये असं नसतं." बाजारात गवार घेतानाही तो हे म्हणू शकतो. म्हणून गल्लीतली पोरं त्याला आयर्लंडवाला म्हणतात. आमच्या शेजारच्या म्हातारीला बरीच वर्षं वाटत होतं, आयर्लंड हे पारोळ्याकडचंच एखादं गाव असेल आणि कुंदनचं तिथे वावर असेल.

मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. मी झुलाल, तो मला नाना म्हणतो. लोकनाट्याच्या फडात सोंगाड्या होतो. तेव्हा तंबूला दोन-दोन हजार माणूस असायचं आणि मी नुसता नाकावर बोट ठेवून उभा राहिलो तरी पहिल्या रांगेतल्या बाया पदर तोंडात कोंबायच्या. आता गुडघे वाजतात आणि टाळ्या वाजत नाहीत. असो. माझं पुराण पुरे, कुंदनचं सांगतो.

कुंदन धुळ्याच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. हे काम दोघांनी करायचं असतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापून आलेला कागद तपासायचा. वाचणाऱ्याने चिन्हंसुद्धा वाचायची. "सप्रेम नमस्कार स्वल्पविराम विनंती विशेष पूर्णविराम." हे असं रोज केल्यावर माणसाचं जे होतं ते कुंदनचं झालं. त्याने बायकोला पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा, ती सांगते, पाटीवरची चूक दुरुस्त करा म्हणून तिकीटखिडकीवर वाद घातला आणि मध्यंतरापर्यंत दोघं बाहेरच होती.

छापखाना बंद पडला, तिथे मोबाइलचं दुकान आलं. कुंदन घरी आला आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की तीस वर्षं आपण लोकांची मराठी दुरुस्त केली, पण आपली आई जे बोलायची त्यातला एक शब्दही कधी आपल्या हाताखालून गेला नाही. मग त्याने अहिराणीचं त्रैमासिक काढलं. नाव ठेवलं ‘घट्या’. आमच्याकडे जात्याला घट्या म्हणतात. पहिल्या अंकाचं संपादकीय त्याने लिहिलं, "आपली बोली आपणच बोललो नाही तर ती मरेल." ते शुद्ध मराठीत होतं. मी विचारलं, "कुंदन, हे अहिराणीत का नाही?" तो म्हणाला, "नाना, विचार आहे ना हा. विचार मराठीतच करावा लागतो."

मी हसलो नाही. मला कोणत्या तोंडाने हसता येणार? आमच्या फडात राजा मराठी बोलायचा, प्रधान मराठी बोलायचा, आणि अहिराणी बोलायचा मी. चोर, भोई, दारुडा आणि गाढव. गाढवसुद्धा अहिराणी बोलायचं. सगळा खान्देश आपल्याच आईच्या भाषेला खदाखदा हसायचा आणि मी वाकून मुजरा करायचो.

पहिले दोन अंक निघाले. कविता पाठवल्या कोणी? प्राध्यापकांनी. त्यांनी मराठीत कविता केली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आहे’ऐवजी ‘शे’ लावलं. कथा पाठवल्या कोणी? निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी. त्यांत शेतकरी "हे प्रभो" म्हणत होता. कुंदनला काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. लाल पेन हातात, आणि खूण कुठे करायची ते समजेना. अहिराणीचं शुद्धलेखन कोणी ठरवलेलंच नव्हतं. तो माझ्याकडे आला.

"नाना, हे खरं आहे का खोटं, हे सांगणारा कोणी आहे का?"

मला एकच बाई माहीत होती.

पारोळ्यापासून आत सात किलोमीटरवर एक गाव आहे. तिथल्या जत्रेत आमचा फड दरवर्षी उतरायचा. तंबूभर लोक हसून लोळायचे, आणि तिसऱ्या रांगेत एक बाई कधीच हसायची नाही. शेंगा फोडत बसायची. एकदा खेळ संपल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "अक्का, मी काय वाईट करतो का?" ती म्हणाली, "चांगलं करस भाऊ. पन असं कोन बोलस?"

तिचं नाव ताईबाई. अख्ख्या खान्देशात मला मिळालेली ही एकच खरी समीक्षा.

मी कुंदनला तिच्या ओट्यावर नेऊन बसवलं. ताईबाई तेव्हा सत्तरीची असेल. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत, ही एकटी. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, एका हाताला दाण्यांचं सूप, दुसऱ्या हाताला फोलपटांची पाटी. अक्षरओळख नाही. आम्ही कशाला आलोय ते तिने विचारलं नाही. दोन माणसं पिशवी घेऊन आली की ती सरकारी असतात आणि काहीतरी वाचून दाखवतात, हे तिला माहीत होतं.

मी पहिली कविता वाचली. म्हणजे काय वाचली! डोळे मिटले, हात पसरला, शेवटच्या ओळीला आवाज असा कापरा केला की ओट्याखालची कोंबडी थबकली. ताईबाईचे हात थांबले. कुंदनने आनंदाने लाल पेन काढलं.

"थांब रे," ताईबाई म्हणाली. "तू नको वाचू, भाऊ. तू गोड करी टाकस. त्याले वाचू दे."

मग कुंदनने वाचलं. त्याला एकच वाचणं येत होतं, छापखान्यातलं. ना चढ, ना उतार. "माय मनी स्वल्पविराम सांज व्हयनी स्वल्पविराम..." ताईबाईचे हात पुन्हा सुरू झाले आणि कवितेच्या शेवटापर्यंत असे काही चालले की फोलपटं उडायला लागली. शेवटी ती म्हणाली, "असं कोन बोलस? आनि हाऊ स्वल्पविराम तुमना गावना शे का? घडी घडी मधमा येस."

दुसरी कविता, तेच. तिसरी गोष्ट होती, एका पोरीची, बैल हरवल्याची. ती पोस्टकार्डांवर आली होती, अक्षर वाकडं, पाठवणारा मालेगाव रस्त्यावरचा पंक्चरवाला. कुंदनने त्याच मेलेल्या आवाजात ती वाचली आणि चौथ्या वाक्याला ताईबाईचे हात थांबले. शेंग बोटांत तशीच राहिली.

"मंग? भेटना का बैल?"

त्या दिवशी ‘घट्या’चं संपादकीय धोरण ठरलं. शेंगा फोडणं थांबलं की छापायचं. चालू राहिलं तर साभार परत.

बारा वर्षं हे चाललं. दर तीन महिन्यांनी मी आणि कुंदन एसटीने पारोळ्याला, तिथून जीपने गावात. प्राध्यापकांना कविता परत जायला लागल्या. चिठ्ठीवर लाल शाईत एकच वाक्य, "असं कोनी बोलत नही." प्राध्यापक चवताळले. कुंदनकडे कोणीतरी जर्मनीतून शिकून आलेला भाषाशास्त्रज्ञ आहे, अशी अफवा पसरली. जळगावच्या एका चर्चासत्रात "घट्या-संप्रदायाची निवडपद्धती" असा निबंधही वाचला गेला. त्यात शेंगांचा उल्लेख नव्हता.

आयर्लंड आलं ते कुंदनच्या मुलीमुळे. ऋतिका शिकायला म्हणून डब्लिनला गेली आणि नोकरी लागल्यावर तिथेच राहिली. तिने बापाला फोनवर सांगितलं की इथल्या लोकांची स्वतःची एक भाषा आहे, इंग्रजीने गिळत आणलेली, आणि त्या भाषेत शंभराहून जास्त वर्षं मासिकं निघतायत. लोकांनी भांडून, लिहून, स्वतः वाटून ती चालवली. शहरातले शिकलेले लोक कोपऱ्यातल्या खेड्यांत जायचे, म्हाताऱ्यांच्या चुलीपाशी बसायचे, कोण कसं बोलतं ते ऐकायचे आणि छापायचे. तिने ग्रंथालयातल्या जुन्या अंकांचे फोटो पाठवले. कुंदनला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी एका पानावर त्याने छपाईची चूक शोधली. तो फोटो घेऊन माझ्याकडे धावत आला. "नाना! तिथेही ताईबाई आहेत!"

इतका आनंदी माणूस मी नंतर पाहिला नाही. मी विचारलं, "मग त्यांची भाषा जगली का?"

त्याने चष्मा पुसला. "पाट्यांवर आहे. शाळेत सक्तीची आहे. सरकारी कागदावर पहिली आहे."

"आणि घरात?"

"घरात बरेचसे इंग्रजी बोलतात म्हणे. पण मासिकं आहेत, नाना! कोणाला परत यायचं असेल तर दार उघडं आहे."

हे वाक्य मला आवडलं. पण त्याच फोनवर ऋतिकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती त्याने मला आठ दिवसांनी सांगितली. ती दर बुधवारी त्या भाषेच्या वर्गाला जायला लागली होती. तिथे बाईंनी विचारलं, तुझ्या घरच्या भाषेत ‘तुझं नाव काय’ कसं म्हणतात? तिने मराठीत सांगितलं. बाई म्हणाल्या, तुझे वडील तर दुसऱ्याच भाषेचं मासिक काढतात ना, त्यात कसं म्हणतात? ऋतिकाला येईना.

येणार कसं? ती झाली तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं होतं की पोरीशी एक शब्द वेडावाकडा बोलायचा नाही. तिच्यासमोर कुंदनची आई "आठे ये" म्हणाली की कुंदन म्हणायचा, "इकडे ये." पोर इकडे यायची. इतकी इकडे की पार डब्लिनला गेली.

आणि आता पन्नासावा अंक आला होता. ऋतिका त्यासाठी सुट्टी काढून येणार होती. कुंदनच्या मनात एकच होतं: मोठं सभागृह असावं, भरलेलं असावं, आणि पोरीने पहिल्या रांगेत बसून बघावं की बाप बारा वर्षं सायकल ढकलत होता ती उगाच नाही. एवढं त्याला हवं होतं. मी त्याला इतकं काही मागताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

सभागृह होतं प्राचार्य लीलाधर देवरे यांच्या हातात. मूळचे पारोळ्याकडचेच, पण आता जळगावात मेहरूणला बंगला, बंगल्यावर पाटी ‘मातृबोली’. निवृत्तीनंतर त्यांनी अहिराणी अस्मिता मंच काढला होता. मंचाचं कामकाज मराठीत, निमंत्रणं इंग्रजीत. सर रोज सकाळी मेहरूण तलावाला फेऱ्या मारत आणि चालता चालता भेटेल त्याला बोलीचं महत्त्व शुद्ध मराठीत पटवून देत. लोक उलट्या दिशेने फिरायला लागले होते.

आम्ही दोघं त्यांच्या बंगल्यावर गेलो.

"बोरसे, सभागृह तुमचं," सर म्हणाले. "मंडप, खुर्च्या, पाहुणे, सगळं मंचाकडून. ही तर आपल्या संस्कृतीची सेवा आहे."

कुंदनचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दूध उतू गयं व माय! आते चहा कशाना करू?"

सरांनी घसा खाकरला. मोठ्याने, मुळापासून. आतला आवाज पुन्हा आला, जणू कोणी दुसरीच बाई बोलत होती, "चहाला थोडा वेळ लागेल, हं."

"घशाचा जुना त्रास," सर म्हणाले. "ज्येष्ठमध चालू आहे." आणि त्यांनी टेबलावर अकरा पानांचा गठ्ठा ठेवला. "माझं दीर्घकाव्य. पन्नासाव्या अंकात पहिल्या पानापासून."

मी वरची ओळ वाचली. "अस्मिताना क्षितिजवर संस्कृतीनं तेजोवलय शे." दुसरी, "कालौघना प्रवाहमा चिरंतन चेतना शे." पुढे अकरा पानं शेच शे.

बाहेर आल्यावर कुंदन म्हणाला, "ताईबाईला वाचून दाखवू."

"दाखवायला हरकत नाही. शेंगा भरपूर असतील तर बरं."

पण त्या वेळी माझा हा प्रामाणिक मित्र बेइमान झाला. जीपमध्ये तो माझ्या कानाशी लागला. "नाना, या वेळी तुम्ही वाचा ना. तुमच्या पद्धतीने." मला सगळं समजलं. नकार द्यायला हवा होता. पण पन्नास वर्षं रंगभूमीवर घालवलेल्या माणसाला "तुमच्या पद्धतीने वाचा" म्हटल्यावर तो नकार देतो, असं तुम्हाला वाटतं का?

वाचलं. सांगतो, त्या दिवशी मी अकरा पानांत प्राण फुंकले. तेजोवलयाला मी हुंदका दिला, चेतनेला आरोळी. ओट्याखाली सहा बाया आणि एक शेळी जमा झाली. ताईबाईचे हात थांबले. कुंदनने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

"झायं?" ताईबाई म्हणाली. "आते तेले वाचू दे."

कुंदन रडकुंडीला आला, पण वाचायला लागला. "अस्मिताना क्षितिजवर संस्कृतीनं तेजोवलय शे स्वल्पविराम..." शेंगा कडाकड फुटायला लागल्या. तिसऱ्या पानाला ढीग अर्धा झाला. सहाव्या पानाला संपला. ताईबाई आत गेली आणि दुसरं पोतं घेऊन आली. अकरा पानं संपली तेव्हा सूप काठोकाठ भरलं होतं. लीलाधर सरांच्या काव्याचा एवढा उपयोग मात्र झाला.

"हाई पुस्तक बोलस," ताईबाई म्हणाली, "मानूस नही." मग तिने कुंदनकडे नीट पाहिलं. "आनि तू आज खोटं कसाले करस रे भाऊ? तुले काय जोयजे?"

कुंदनने अकरा पानं पिशवीत कोंबली. परत येताना जीपमध्ये एवढंच म्हणाला, "ऋतिकाची तिकिटं निघालीत."

ऋतिका आली. बाप तिला सरांकडे घेऊन गेला. ठरलं होतं की सरांना हात जोडायचे, दीर्घकाव्यातलं एक पान छापू म्हणायचं, उरलेलं पुढच्या अंकांत. एक पान म्हणजे एकच खोटं, असा त्याचा हिशोब. मी शोभेला बरोबर होतो. सर बैठकीत अस्मितेवर बोलायला लागले, आणि पोरगी पाणी प्यायला म्हणून उठली ती स्वयंपाकघरात गेली. तिथे सरांच्या पत्नी इंदिराबाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या. पोरीने मागे उभं राहून ऐकलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा ती भाषा अशी ऐकली, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, भाजी कशी जळाली ते सांगण्यासाठी.

इंदिराबाईंनी वळून पाहिलं आणि घाईने फोन ठेवला. "अगं बाई, तू कधी आलीस? बस ना."

"काकू, थांबू नका. तसंच बोला माझ्याशी."

"कसं?"

"आत्ता बोलत होतात तसं."

बैठकीतून खाकरण्याचा आवाज आला. इंदिराबाई हसल्या. नंतर ऋतिकाने आम्हाला सांगितलं, काकू आधी हसल्या आणि मग ओट्याला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आयकं? तो खोकला नही शे, बेटा. ती मनी घंटी शे."

लग्न झालं तेव्हा सर नवे प्राध्यापक होते. घरी सहकारी यायचे. बायकोच्या तोंडून ‘शे’ निघालं की सर खाकरायचे, म्हणजे तिने दुरुस्त करून बोलायचं. असं चाळीस वर्षं चाललं. पुढे पुढे घशाला सवय लागली. बायको गप्प असली तरी खाकरायचे. डॉक्टर झाले, काढे झाले, दुर्बीण घालून झाली.

ऋतिका म्हणाली, "काकू, हे बाबांना लिहून द्याल?"

"माले लिव्हता येस नही असं. बोली दाखाडसू. सकाये. ते तलाववर जातस तव्हय फोन कर."

सात सकाळी कुंदनने फोनला कान लावून ते लिहून घेतलं. सर तलावाला फेरी मारत होते तेवढा वेळ. सर ताकदवान चालायचे, म्हणून मजकूरही मोठा झाला. सातव्या दिवशी कुंदनने विचारलं, "वहिनी, नाव काय टाकू? टोपणनाव टाकू?"

"मनं टाका. पुरं टाका. इंदिरा. माहेरनं आडनाव बी टाका."

"सर रागावतील."

"रागावू द्या. रागमा तरी नीट बोलतीन."

ते सगळं घेऊन आम्ही ताईबाईकडे गेलो. या वेळी ऋतिकाही होती. मी तोंड उघडलं नाही, शपथ. कुंदनने त्याच्या मेलेल्या आवाजात वाचलं. "डागदरनी घसा दखा स्वल्पविराम घसामा काहीच नही म्हने पूर्णविराम त्याले काय मालूम स्वल्पविराम घसामा मीच शे पूर्णविराम."

ताईबाईचे हात पहिल्याच ओळीला थांबले होते. शेवटपर्यंत सुरू झाले नाहीत. वाचून झाल्यावर तिने हातातली शेंग तशीच सुपात टाकली, न फोडता. बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

"हाई बाई कोठे ऱ्हास?" तिने विचारलं. "तिले आठे लईसन या."

एकाच पानावर सर तयार झाले नव्हते, म्हणून आता कुंदनसमोर दोनच रस्ते होते. पहिल्या पानावर अकरा पानांचं तेजोवलय आणि भरलेलं सभागृह, किंवा पहिल्या पानावर इंदिराबाई आणि सभागृह नाही. पोर आणखी जेमतेम दहा दिवस होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, तेवढा अभिनय मला अजून येतो. तो ऋतिकाला म्हणाला, "तुला मोठा कार्यक्रम दाखवायचा होता बेटा."

"बाबा, मी कार्यक्रमाला आले नाहीये," ती म्हणाली.

अंक छापला. पहिल्या पानावर इंदिराबाई. कुंदनने जळगावच्या वर्गणीदारांबरोबर सरांनाही पोस्टाने प्रत पाठवली, सोबत परंपरेप्रमाणे साभार परत अकरा पानं आणि लाल शाईतली चिठ्ठी. माणूस भोळा म्हणायचा की क्रूर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तीन दिवसांनी आम्ही तिघं ताईबाईला तिची प्रत द्यायला गेलो. ती वाचू शकत नाही, पण सगळ्या एकोणपन्नास प्रती तिने कणगीवर रचून ठेवल्यात आणि कोणाला हात लावू देत नाही. ओट्यावर बसलो आणि कुंदनचा फोन वाजला. लीलाधर सर. कुंदनने गडबडीत चुकून असं बटण दाबलं की आवाज सगळ्या ओट्यावर पसरला.

"कुंदन्या! तुले लाज वाटस का नही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुंदनने फोन पालथा घातला, तरी आवाज येतच राहिला.

"मना घरमा ईसन मना चहा पेस आनि मनी बायकोनं तोंड छापी टाकस? बठ्ठा जळगाव माले हासी ऱ्हायना! सकायपाईन फोनवर फोन! तलाववर गऊ, तर जो तो माले दखीसन खाकरस! काय सभागृह नि काय खुर्च्या, काही भेटाव नही तुले! तुना घट्या तुना डोकामा घाल!"

पाच मिनिटं ते बोलत होते. त्यात एक अस्मिता नव्हती, एक चेतना नव्हती. पारोळ्याच्या पेठेत वाढलेलं पोर चिडून बोलावं तसं बोलत होते. आणि सांगायची गोष्ट म्हणजे त्या पाच मिनिटांत ते एकदाही खाकरले नाहीत.

ताईबाईचे हात थांबले होते.

"हाऊ कोन शे?" ती हळूच म्हणाली. "हाऊ बराबर बोलस."

कुंदनने फोन तोंडापाशी नेला. घाबरला होता, पण संपादक जागा झाला होता. "सर, एक विनंती होती. हे असंच लिहून द्याल का? एक्कावन्नाव्या अंकासाठी?"

पलीकडून एक लांबलचक खाकरणं. "बोरसे, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती," आणि फोन बंद.

"गया," ताईबाई म्हणाली, आणि पुढची शेंग फोडली.

असा पन्नासाव्या अंकाचा प्रकाशन समारंभ झाला. उपस्थिती: ताईबाई, फोनचा ओरडा ऐकून जमलेल्या त्याच सहा बाया, शेळी, मी आणि डब्लिनहून आलेल्या एक पाहुण्या. मी अध्यक्षीय भाषण करायला उठलो होतो, पण ताईबाईने हाताने बसवलं.

जीप यायची वेळ झाली. कुंदन पिशवी आवरत मुलीला म्हणाला, "बेटा, निघूया का आपण? उशीर होईल."

ताईबाईने मान वर केली. "आपली पोरशी असं कोन बोलस?"

बारा वर्षांत तिने शेकडो कविता परत केल्या, पण हे वाक्य ज्याच्या चिठ्ठीवर लाल शाईत असायचं त्या माणसाला स्वतःला आज पहिल्यांदा मिळालं. कुंदन उभा राहिला. तोंड उघडलं. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, त्याने घसा खाकरला. मोठ्याने, मुळापासून, हुबेहूब लीलाधर सरांसारखा. ऋतिका फसकन हसली. बाप ओशाळून लाल झाला, पुन्हा एकदा खाकरला, आणि मग इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"चाल, माय. घर जाऊत."

ना चढ, ना उतार. पण मी ताईबाईच्या हातांकडे बघत होतो. शेंग बोटांत तशीच होती.